साहेबांनी पेटी मागितली आहे

मला पाहायला आले तेव्हा ह्यांच्या आत्याबाईंनी माझ्या आईला विचारलं, "मुलीला गाता येतं का?" आई म्हणाली, "नाही." आमच्या घरी खोटं बोलायची पद्धत नव्हती, आणि या बाबतीत ते फार दिवस टिकलंही नसतं. पोहे संपले होते, चहा यायचा होता. तेवढ्यात ज्यांना मला दाखवत होते ते गृहस्थ म्हणाले, "कोपऱ्यात पेटी दिसते आहे. मी वाजवू का?"

पेटी माझ्या काकांची, भजनातली. तिचा भाता फुसफुसत असे. ह्यांनी ती पुढ्यात ओढली, भाता एकदा हलवून पाहिला आणि भूप वाजवला. भूपात पाचच स्वर असतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं, की हा माणूस बोलताना अडखळतो आणि वाजवताना अडखळत नाही. चहा आला तेव्हा मी मनातल्या मनात होकार देऊन मोकळी झाले होते. पुढे मला कोणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

ह्यांचं नाव मी इथे घेणार नाही. आमच्या वेळी नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि तेही चारचौघींनी दार अडवून धरल्यावर. इथे कोणी दार अडवलेलं नाही.

हे संस्कृतचे. पुण्याला शिकले आणि नगरला एका कॉलेजात लागले. लग्नानंतर ह्यांनी प्रबंध लिहिला, तो मंत्र म्हणताना आवाज कुठे चढतो आणि कुठे उतरतो यावर. परीक्षकांनी वाचला आणि मी वाचला. परीक्षकांना वाचावाच लागला, आणि मला टाइपिंगच्या चुका शोधायच्या होत्या. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण चुका मात्र पुष्कळ सापडल्या.

आम्ही सावेडीला राहायचो. तिथे तेव्हा घरं थोडी आणि बोरी जास्त. संध्याकाळी कॉलेजातून आले की हे सायकल भिंतीला टेकवत, हातपाय धूत आणि पेटी घेऊन बसत. ही पेटी आता ह्यांची स्वतःची होती. मी समोर बसून दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडत असे. तेवढ्या वेळात आमच्या घरी भांडण होत नसे. एरवी व्हायचं. मी तापट आहे, आणि मी चिडले की हे गप्प बसत, त्याने मी आणखी चिडे.

ह्यांची एक अडचण होती. संस्कृतवाले म्हणत, पेटी फार छान वाजवतात. गाणारे म्हणत, संस्कृत फार छान आहे त्यांचं. दोन्हीकडे ह्यांना मान होता, पण तो नेहमी दुसऱ्याच गोष्टीबद्दल असे.

अशात एक दिवस जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका संस्थेचे अध्यक्ष आमच्याकडे आले. मोठे बागाईतदार, पांढरं धोतर, पांढरी टोपी. आमच्या एकुलत्या एका खुर्चीत न बसता सतरंजीवर बसले. तालुक्याच्या गावी नवीन कॉलेज निघणार होतं, त्याला प्राचार्य हवा होता. ह्यांनी प्रबंधाची प्रत पुढे ठेवली. अध्यक्षांनी ती हातात घेतली, तिचं वजन बघितल्यासारखं केलं आणि जपून बाजूला ठेवली.

"सायेब, तुमच्या संस्कृतातलं मला काय कळत न्हाई," ते म्हणाले. "पन गनपतीत तुमची पेटी ऐकली. गानारा दोनदा चुकला. तुमी त्याला सावरून घेतलं आन् तोंडावर काय दाखवलं न्हाई. मला असा मानूस पायजे."

मला वाटलं, प्राचार्य निवडायची याहून चांगली रीत विद्यापीठाकडेसुद्धा नसेल. ह्यांना तसं वाटलं नाही. अध्यक्ष गेल्यावर हे बराच वेळ प्रबंधाची पानं चाळत बसले आणि म्हणाले, "त्यांनी विषयसुद्धा विचारला नाही." तरी गेले. प्राचार्य व्हायचं, आणि आपल्या कॉलेजात संस्कृतचा वर्ग चालवायचा, ही ह्यांची जुनी इच्छा होती.

त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्या ओळखीची आहेत. कॉलेज भरायचं खरेदी-विक्री संघाच्या गोदामात. वर्गांना भुईमुगाच्या शेंगांचा वास यायचा. माल तोलायचा काटा जमिनीत पक्का केलेला होता, तो हलवता येईना, म्हणून त्याच्याभोवतीच प्राचार्यांची खोली केली. भेटायला आलेला पालक आधी काट्यावर उभा राहून आपलं वजन बघे आणि मग मुलाची चौकशी करी. हेही कधीकधी उभे राहत. मी खिडकीतून पाहिलं आहे.

आम्हाला गोदामाशेजारीच दोन खोल्या आणि एक व्हरांडा दिला होता. व्हरांड्यात संस्कृतचा वर्ग. गोदामात एका बाजूला अर्थशास्त्र मोठ्याने सुरू झालं की दुसऱ्या बाजूचं संस्कृत ऐकू येत नसे, म्हणून ते बाहेर. मुलं मूठभर. त्यांत एक फार उंच मुलगा होता, आणखी पूर्वेकडच्या एका वाडीवरचा. त्याचे आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जात. त्याने संस्कृत का घेतलं असं ह्यांनी विचारलं, तर म्हणाला, "सर, ह्या वर्गाला सावली हाय." ह्यांना ते कारण पटलं. पुढे तोच सगळ्यांत चांगला निघाला.

व्हरांड्यात आणखी एक वस्तू होती, ती आत्ताच सांगून ठेवते. बाकाखाली पत्र्याची, लाल फुलीची औषधाची पेटी. कॉलेजातल्या कपाटाला कुलूप नव्हतं म्हणून ती आमच्याकडे असायची. तिच्यात आयोडिनची बाटली, कापूस आणि पट्ट्या. मुलं तिच्यावर पाय ठेवून बसत.

पहिले दोन-तीन महिने हे संध्याकाळी पेटी वाजवत होते. गोदामावरून जाणारी-येणारी माणसं थांबत. मग एके सकाळी हे वर्गावर गेले, तर फळ्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: पेटिमास्तर.

आमच्या जिल्ह्यात पेटीमास्तर म्हणजे तमाशाच्या फडात पेटी वाजवणारा. जत्रेच्या दिवसांत फड येतात, तेव्हा पेटीमास्तर रंगीत पडद्याशेजारी बसलेला असतो, आणि लोक त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघतात. प्राचार्यांना तसं म्हणणं म्हणजे काय, ते वर्गातल्या प्रत्येकाला कळत होतं. ह्यांनी खडू घेतला, 'टि' ऱ्हस्व होती ती दीर्घ केली, मागे सरकून बघितलं, फळा पुसला आणि तास घेतला. ही हकीकत मला मुलांनी सांगितली. ह्यांनी घरी येऊन फक्त पेटीला खोळ घातली आणि ती उचलून कपाटावर ठेवली. "आता प्रशासनाचं काम वाढलंय," म्हणाले.

माझं डोकं फिरलं. एका फळ्यासाठी माणूस पेटी बंद करतो? पण हे भांडण भांडता येण्यासारखं नव्हतं. हे कबूलच करत नव्हते की पेटी बंद केली आहे. विचारलं की म्हणत, "बंद कुठे केली, वेळ मिळत नाही." मी मुद्दाम ह्यांच्यासमोर स्टुलावर चढून पेटी पुसत असे. हे म्हणत, "पडशील." मी तिला नवी खोळ शिवली, लाल काठाची. हे म्हणाले, "सुरेख झालीय," आणि तीच घालून पेटी पुन्हा वर ठेवली. मला दागिने नको होते, पुण्याला बदली नको होती, मला एवढंच हवं होतं की पेटी खाली यावी. प्राचार्य म्हणून हे चांगले असतील, पण मी लग्नाला होकार दिला होता तो वाजवणाऱ्या माणसाला. दीड-दोन वर्षं हे असंच चाललं.

वर्गात काय चाललंय ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. एकदा हे 'लोप' शिकवत होते. पुण्याहून आलेले इंग्रजीचे प्राध्यापक मुलांच्या बोलण्याला नावं ठेवत, 'आमी' काय, 'हाय' काय म्हणत. हे कधी नावं ठेवत नसत. त्यातून व्याकरण काढत. म्हणाले, "तुम्ही 'आम्ही' म्हणताना 'ह' म्हणत नाही. तुमचं चुकलेलं नाही, तिथे 'ह'चा लोप झालेला आहे. आता लोप म्हणजे वस्तू संपली असं समजू नका. ती ऐकू येत नाही, एवढंच. तिची जागा राहते, आणि शेजारची अक्षरं ती तिथे असल्यासारखीच वागतात."

"सर," उंच मुलगा म्हणाला, "मंग औंदा पावसाचा लोप झालाय."

सगळे हसले. हेही हसले. मी आत तांदूळ निवडत होते. पेटी वाजत नव्हती तरी तिच्या वेळेला मी तांदूळ घेऊन बसतच होते, ते मला तेव्हा जाणवलं आणि राग आला.

पावसाचं त्याने म्हटलं ते खरं होतं. तो बहात्तरचा दुष्काळ. दिवाळीनंतर कॉलेजात बाकंच उरली. ऊस नव्हता म्हणून ऊसतोडीही नव्हती, आणि सगळी घरंच्या घरं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेली. अध्यक्ष येऊन म्हणाले, "सायेब, जूनपातुर कुलूप लावू." हे एरवी अध्यक्षांपुढे फारसं बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "मुलं जिथे आहेत तिथे कॉलेज नेतो." आणि नेलं. तालुक्याच्या टोकाला एका पाझर तलावाचं काम चाललं होतं, तिथे शिबिर म्हणून तंबू ठोकला. सकाळी आणि उतरत्या उन्हात मुलं घरच्यांबरोबर खडी फोडत, आणि भर दुपारी, काम थांबलं की, बाभळीखाली तास. इंग्रजीचे प्राध्यापक टोपीवर रुमाल बांधून गेले. त्यांच्याबद्दल माझं मत त्यानंतर थोडं सुधारलं.

हे तिकडे गेल्यावर मी घरी एकटी. शिबिर सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमारास खडीचा ट्रक दारात उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, नुसते डोळे काळे.

"बाई, सायबांनी पेटी मागितलीया."

मी म्हटलं, "काय मागितलीय?"

"पेटी. लगीच घिऊन ये म्हनले."

"पेटी? नक्की?"

"व्हय की. पेटीच म्हनले. आन् जपून आन म्हनले, आदळू नको."

आता मागे वळून बघताना वाटतं, मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण 'जपून' म्हटल्यावर माझ्या मनात काही शंकाच उरली नाही. मी स्टूल ओढलं आणि पेटी खाली काढली. खोळ काढून भाता दोनदा हलवून बघितला. पेटी धूळ खाईल म्हणून माझं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं तिच्याभोवती गुंडाळलं. ड्रायव्हरला म्हटलं, "मांडीवर घेऊन बस." तो म्हणाला, "मंग ष्टेरिंग कोन धरंल?" शेवटी त्याने ती शेजारच्या सीटवर ठेवून दोरीने बांधली. ट्रक गेला. मी आत येऊन गोड शिरा केला आणि एकटीनेच खाल्ला.

तिकडे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, सगळ्यांत जास्त त्या उंच मुलाकडून. कारण घडलं होतं ते त्यालाच. खडी फोडताना हातोडा निसटला आणि डाव्या हाताची दोन बोटं ठेचली. रक्त थांबेना. रक्त थांबल्याशिवाय त्याला हलवायचं नव्हतं, म्हणून ह्यांनी ट्रक पिटाळला, औषधाची पेटी आणायला. ट्रक आला. ह्यांनी धावत जाऊन गाठोडं सोडलं, तर आत हार्मोनियम.

मुलगा म्हणाला, "बाई, सर पेटीकडं बघत ऱ्हायले. लई येळ. मी म्हनलं, सर, रक्त."

मग हे भानावर आले आणि ह्यांनी माझं लुगडं फाडलं. मऊ सुताच्या पट्ट्या होतात त्या औषधाच्या पेटीतल्यांपेक्षा चांगल्या, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. तेव्हा प्रथमोपचार झाले ते मी पाठवलेल्या सामानातूनच झाले, हा मुद्दा मी पुढे अनेक वर्षं सोडला नाही.

मुलाला नगरला न्यायचं होतं, पण ट्रकच्या रेडिएटरमध्ये पाणी उरलं नव्हतं. तिथे घागरीत जे होतं ते प्यायचं, आणि ते माणसांनाच पुरत नव्हतं. पाण्याचा टँकर येईपर्यंत थांबणं भाग होतं. मुलगा बाभळीला टेकून बसला. बोटं ठणकत होती, ओठ दाबून धरले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याची आई शेजारी. ती त्याच कामावर पाट्या वाहत होती. तिने ट्रकजवळ उघडी पडलेली पेटी बघितली आणि ह्यांना म्हणाली, "पेटीमास्तर, वाजवा की. पोराचं ध्यान तिकडं ऱ्हाईल."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तिला ते फळ्याचं काही माहीत नव्हतं. तिच्या गावात पेटी वाजवणाऱ्याला पेटीमास्तर म्हणत, म्हणून ती म्हणाली. ह्यांनी पेटी बाभळीखाली आणली, खाली मांडी घातली आणि टँकर येईपर्यंत वाजवत राहिले.

कामावरच्या बायका पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. पुरुषांचे हातोडे थांबले. मग हजेरीचा कारकून आला आणि त्याने प्राचार्यांना शासकीय कामात व्यत्यय आणल्याबद्दल समज दिली. ह्यांनी एका हाताने भाता मारत, दुसऱ्याने वाजवत, मान हलवून समज घेतली. कारकून तिथेच उभा राहिला. पुढे कोणीतरी बघितलं तर तोही खाली बसलेला होता.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी आपली घरी बसून मनाशी ठरवत होते, की हे आता तिकडे दुपारच्या वेळी एकटेच वाजवत असतील. दोन दिवसांनी बाजारात गेले, तर भाजीवाली म्हणाली, "बाई, सायबांनी पेटी लई ग्वाड वाजिवली म्हनं. माझी भन तितं कामावर हाय." पिठाच्या गिरणीत गेले, तर तिथेही तेच. गिरणीवाला म्हणाला, "काय तो हात, बाई! तुमी तर रोजच ऐकत असाल." मी म्हटलं, "हो." त्याच्याकडूनच मला बोटांचं आणि औषधाच्या पेटीचं कळलं. घरी येऊन मी बाकाखाली वाकून बघितलं. लाल फुलीची पेटी जागच्या जागी होती.

मला मुलाची काळजी वाटली, ती आधी वाटली, हे खरं. पण तो बरा आहे, एक बोट जरा आखूड राहील, हे गिरणीवाल्यानेच सांगितलं होतं. त्यामुळे काळजी संपल्यावर पुष्कळ राग शिल्लक राहिला. ह्यांनी पेटी मागितलेलीच नव्हती. मी वेड्यासारखी शिरा करून बसले. आणि वर दोन वर्षं मी वाट बघितली, तर पेटी ऐकली कोणी? खडीवरच्या बायकांनी, ट्रक ड्रायव्हरने आणि हजेरीच्या कारकुनाने. तालुक्यात न ऐकलेली मी एकटी.

शिबिर संपलं आणि हे एस.टी.ने घरी आले. पेटी मांडीवर. उन्हाने चेहरा काळा पडला होता, केसांत खडीची भुकटी. मी पाणी दिलं. पेटीकडे बघितलंही नाही. हातपाय धुऊन हे पाटावर बसले आणि म्हणाले, "मी औषधाची पेटी मागितली होती."

"मग 'औषधाची' म्हणायचं होतं," मी म्हटलं. "संस्कृतचे डॉक्टर ना तुम्ही? एक विशेषण जड झालं?"

"म्हटलं होतं. ड्रायव्हरकडून 'औषधाची'चा लोप झाला."

मी हसले नाही. खरं म्हणजे हसू आलं होतं, पण दोन वर्षांचा राग एका विनोदावर सोडायला मी तयार नव्हते. मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हीच मागितलीत. मला वाटलं, तुम्हाला शेवटी वाजवावंसं वाटलं. म्हणून दिली. मला तेवढंच हवं होतं, आणि ते तुम्ही सगळ्या गावाला दिलंत." एवढं बोलले आणि मला रडू आलं. मी क्वचित रडते, त्यामुळे हे फार घाबरले.

मग हे उठले, सतरंजी घातली, पेटी घेतली. मी आपोआप सुपात तांदूळ घेऊन समोर बसले. ह्यांनी विचारलं, "काय वाजवू?" मी म्हटलं, "पहिलं." ह्यांना कळलं.

सा वाजला, रे वाजला. त्यापुढची पट्टी दाबली तर आवाजच नाही. पुन्हा दाबली. फुस् झालं. खडीची भुकटी आत जाऊन बसली होती. गांधार गेला होता. भूपात पाचच स्वर, आणि त्यात गांधार मुख्य. तो नसेल तर भूपाचं काही उरत नाही, एवढं मला तोपर्यंत ह्यांच्याकडूनच कळलेलं होतं.

ह्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता खोळ घालतील आणि पेटी कपाटावर जाईल, ती कायमची. हे म्हणाले, "त्याची जागा आहे." आणि वाजवायला लागले. गांधार आला की त्याच्या पट्टीवर बोट ठेवत, तेवढा वेळ थांबत आणि पुढे जात. तिथे नुसतं फुस् व्हायचं. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा मला ते सहन झालं नाही. मी तो सूर तोंडाने म्हटला. पुढच्या वेळी पुन्हा म्हटला. हे त्या जागी येत, थांबत, मी म्हणत असे, मग हे पुढे जात. भूप पूर्ण झाला. मला गाता येत नाही, हे ह्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

जूनमध्ये कॉलेज पुन्हा गोदामात भरलं. उंच मुलगा संस्कृत घेऊनच बी.ए. झाला. पुढे तो मास्तर झाला. खडू उजव्या हातात धरायचा असतो, त्यामुळे बोटाची अडचण आली नाही. ह्यांना सगळा तालुका तोंडावर पेटीमास्तर म्हणायला लागला. अध्यक्षसुद्धा सभेत म्हणत. हे निवृत्त होईपर्यंत त्याच कॉलेजात प्राचार्य होते. प्रबंध पुढेही कोणी वाचला नाही.

पेटी मात्र रोज वाजली. नगरला पेट्या दुरुस्त करणारे होते, अर्ध्या दिवसाचं काम. हे महिन्यातून दोनदा कामासाठी नगरला जात, पण पेटी कधी बरोबर नेली नाही. बाहेर वाजवायची तर दुसऱ्याची घेत. फार पुढे एका गाणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, की अहो, गांधार बंद असेल तर सा बदलायचा, वरच्या पट्टीवरून सुरुवात करायची, मग ती मेलेली पट्टी लागतच नाही. हे कोणत्याही पेटीवाल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. मी घरी येऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "असं का?" आणि सायकल पुसायला गेले.

हे गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा आला होता, त्याने खोळ काढून पेटी वाजवून बघितली. "मावशी, हिचा एक सूर गेलाय. उद्या नगरला नेतो, साफ करून आणतो."

मी म्हटलं, "राहू दे. गांधार माझ्याकडे आहे."